उजवे, बरोबर आणि हक्काचे

इंग्रजीतला 'राइट' हा शब्द आता इंग्रजांचा उरला आहे असे म्हणवत नाही. ज्याने शाळेचे तोंड पाहिलेले नाही अशा माणसाच्या तोंडीही तो असतो. एस.टी.चा कंडक्टर शेवटच्या उतारूला आत घेतो, दार ओढतो, आणि घंटीची दोरी तुटलेली असली तर खणखणीत आवाजात 'राइट!' म्हणून ओरडतो. गाडी हलते. येथे त्याचा अर्थ उजवाही नव्हे आणि बरोबरही नव्हे. 'सगळे ठीक आहे, आता पुढे चला' एवढाच त्याचा अर्थ. शाळेत मुलाच्या वहीवर लाल खूण उमटते, तीही 'राइट'च. आणि सभेत कोणी वक्ता टेबलावर मूठ आपटून आपले 'राइट्स' मागतो, तेव्हा तेही त्याच शब्दाचे लेकरू असते.

आठवीच्या वर्गात हा शब्द शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर त्याचे अर्थ एकाखाली एक मांडतो. उजवा, बरोबर, योग्य, सरळ, हक्क. भूमितीचे पुस्तक उघडले तर काटकोनातही तोच बसलेला. मुलांना गंमत वाटते. एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, "गुरुजी, उजव्या हाताचा आणि हक्काचा काय संबंध?" प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधू गेले तर भाषेतून निघून माणूस थेट नीतीच्या दारात जाऊन उभा राहतो. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनीही या शब्दाची चव घ्यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

प्रथम उजव्या हाताचे पाहू. भाषाशास्त्राचे पंडित सांगतात की 'राइट' आणि आपला संस्कृत 'ऋजु' हे एकाच प्राचीन घराण्यातले. मूळ अर्थ सरळ. 'ऋजु'चे प्राकृतात 'उज्जु' झाले आणि त्याच वाटेने आपला 'उजवा' आला. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी बसून आपण ज्या हाताला उजवा म्हणतो, त्याचा एक चुलतभाऊ हजारो वर्षांपूर्वी घर सोडून इंग्लंडात जाऊन राहिला, असे म्हणायला हरकत नाही. सरळ ते चांगले, ही समजूत मात्र दोघांनीही सोडली नाही. गवंडी भिंतीचा कोपरा गुण्या लावून पाहतो. काटकोन साधला की भिंत 'गुण्यात' आली म्हणतो. मुलगी पसंत करताना 'थोरलीपेक्षा धाकटी उजवी' असे आपण बोलतो. आणि ज्याला वगळायचे त्याला मात्र 'डावलतो'. बिचाऱ्या डाव्या हाताने कोणाचे काय घोडे मारले होते? परंतु बहुतेकांचा हात उजवा, म्हणून उजवे ते चांगले ठरले. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांनी यापायी किती छड्या खाल्ल्या असतील! बहुमताची सवय आणि खरी योग्यता यांत अंतर असू शकते, हा पहिला धडा या शब्दातच दडलेला आहे.

आता 'बरोबर' घ्या. हा शब्द फारसीचा. फारसीत 'बर' म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभे राहिलेले दोघे, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, ते 'बराबर'. मराठीने या पाहुण्याला घरात घेतले आणि त्याच्यावर तीन कामे सोपवली. 'तुझे उत्तर बरोबर आहे' यात तो अचूकपणा सांगतो. 'तो माझ्या बरोबरीचा आहे' यात समता सांगतो. 'माझ्याबरोबर चल' यात सोबत सांगतो. आमच्याकडे अहिराणीत 'बराबर शे' म्हणतात, तेव्हाही हाच शब्द असतो. अचूक, समान आणि सोबतीचे अशा तीन गोष्टींना एकच शब्द वापरणारी भाषा काहीतरी जाणून असली पाहिजे. जे दुसऱ्याला मागे ढकलून किंवा एकटे पाडून मिळते, त्याला 'बरोबर' म्हणताना मराठी माणसाची जीभ जराशी अडखळावी, अशी ही योजना आहे.

आणि 'हक्क'? तो अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ नुसता हक्क नव्हे. सत्य हाही त्याचा अर्थ आहे. आपली 'हकीकत' त्याच मुळाची. निरपराध माणूस मेला की तो 'हकनाक' गेला असे आपण म्हणतो, त्यातही हा शब्द आहे. परंतु आपल्या इतिहासात हा शब्द फार काळ वतनदारांच्या वाड्यात राहिला. देशमुखांचा हक्क, पाटलांचा हक्क, त्यांचे हक्क-लाजिमे, असे त्याचे वर्णन जुन्या कागदोपत्री सापडते. हक्क म्हणजे मोजक्या घराण्यांना गावाकडून मिळणारे येणे. लोकमान्य टिळकांनी १९१६च्या सुमारास स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले, तेव्हा त्यांनी हा शब्द वाड्यातून काढून चव्हाट्यावर आणला. जन्माने मिळणारा, पण अमक्याच घराण्यात जन्मले पाहिजे अशी अट नसलेला हक्क! पुढे राज्यघटना आली. तिच्या तिसऱ्या भागाला हिंदीत 'मूल अधिकार' म्हणतात. मराठीने मात्र 'मूलभूत हक्क' म्हटले. सत्याची आठवण ठेवणारा शब्द आपल्या वाट्याला आला, हे आपले भाग्य.

येथवर शब्दांची करमणूक झाली. आता खरा प्रश्न. इंग्रजीत हक्क आणि योग्य यांना एकच शब्द असल्यामुळे एकावरून दुसऱ्यावर घसरणे सोपे जाते. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला विचारता येते: ज्याचा मला हक्क आहे ते करणे बरोबर असतेच का? आणि जे बरोबर आहे ते करायला आधी हक्क मिळावा लागतो का?

सुरत-भुसावळ गाडीत खिडकीशेजारी कोणी गृहस्थ बसला आहे. जागा त्याने पैसे भरून राखलेली. त्या जागेवर त्याचा पुरेपूर हक्क. समोर बोचके सांभाळत एक म्हातारी उभी आहे. उठून तिला जागा देणे बरोबर आहे, हे सांगायला कोणी शास्त्री नको. परंतु 'ऊठ, ही जागा माझी' असे म्हणण्याचा हक्क म्हातारीला नाही. तो उठला तर आपण त्याला भला म्हणतो. आणि म्हणतो ते एवढ्यासाठीच की न उठण्याची मुभा त्याला होती. समजा, चार दांडगे उतारू त्याच्याभोवती उभे राहिले, डोळे वटारले, आणि मग तो उठला. म्हातारीला जागा मिळाली हे खरे. पण त्याचे उठणे आता औदार्य राहिले नाही. हक्क सोडण्यात पुण्य आहे. हक्क सोडवून घेण्यात ते नाही. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हक्क आहे पण वापरणे बरोबर नाही, असा हा एक प्रकार. याच्या अगदी उलटा प्रकार आमच्या नंदुरबारच्या चौकात घडून गेला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो पडला, आणि त्याच्यासह आणखी चौघे. त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने त्या मुलांना तसे रस्त्यावर येण्याचा हक्क नव्हता, आणि गोळी झाडणाऱ्याच्या खिशात मात्र हुकूम होता. हक्क एकीकडे आणि बरोबर दुसरीकडे, अशी फाळणी इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. आज नंदुरबारात स्मारक आहे ते त्या मुलांचे. हुकूम बजावणाऱ्यांचे नाही. लोकांच्या मनाने निवाडा केव्हाच दिला आहे.

तिसरा प्रकार महाडचा. तेथे हक्क कागदावर होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. आणि तरी तळ्याचे पाणी तेथल्या तेथेच! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते ओंजळीत घेतले, तेव्हा त्या कागदात जीव आला. आणि त्यासाठी त्यांना मार खावा लागला, कोर्टात जावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. हक्क दिलेला असणे आणि तो मानलेला असणे, यांत केवढे अंतर असते ते येथे कळते.

चौथा प्रकार आमच्या डोंगरातला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरांतील एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत. सातपुड्याच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-मका पिकवणाऱ्यांना सरकारी कागदात एक नाव होते: अतिक्रमणदार. जंगल आधी, की जंगलाचा कायदा आधी, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. इंग्रजांनी १८७८ साली जंगलावर रेघा ओढल्या, १९२७ साली त्या पक्क्या केल्या, आणि रेघेच्या आत सापडलेला माणूस आपल्याच शेतात चोर झाला. पुढे सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत चढू लागले. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली जमिनीला जमीन देण्याचा निवाडा दिला होता. पण ज्याच्या नावावर कागदच नाही त्याने काय दाखवावे? नांगराची मूठ?

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला, आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असे त्याच्या आरंभीच मान्य केले. मला त्यातील दोन तरतुदी फार अर्थपूर्ण वाटतात. एक अशी की, जमीन कसत असल्याच्या पुराव्यांत, दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरला जातो. म्हाताऱ्याने सांगावे, 'याचा बाप येथे नांगरत होता, मी डोळ्यांनी पाहिले आहे', आणि त्या सांगण्याला कागदाची किंमत यावी! हक्क म्हणजे सत्य, हा जुना अरबी अर्थ जणू सातपुड्यात पुन्हा उगवला. दुसरी तरतूद अशी की, लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा आणि बायको अशा दोघांच्या नावाने होतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. कायद्याला ठाऊक होते की गरिबाच्या हातात हक्क दिला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो सोडवून घ्यायला दारात येईल. म्हणून त्याने तो सोडता येऊ नये अशीच गाठ मारली. पट्टे मिळायला खेटे घालावे लागतात, ही गोष्ट वेगळी; गाठ मात्र शहाणपणाची आहे.

आता आपल्या घरात येऊ. दूरच्या अन्यायाविषयी सात्त्विक संताप येणे सोपे असते. दिवाळीत भाऊबीज येते. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात त्या आखाजीला, आणि पुन्हा दिवाळीला. पाटावर भाऊ बसतो, बहीण ओवाळते, भाऊ ताटात ओवाळणी टाकतो. या गोड दिवसांच्या आगेमागे कधी कधी दुसराही एक विधी उरकला जातो. बाप गेलेला असतो. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागलेली असतात. आणि एखादा मामा किंवा काका हळूच म्हणतो, 'ताई आलीच आहे, तर निबंधकाच्या कचेरीतले तेवढे काम करून घ्या.' ते काम म्हणजे हक्कसोडपत्र.

शब्द पाहा: हक्क-सोड-पत्र. आणि त्याच्या तळाशी बहिणीची 'सही'. हा 'सही' शब्दही अरबीतून आलेला. मूळ अर्थ खरे, बरोबर. हिंदीत आजही तो त्याच अर्थाने चालतो. आपण मात्र कागदाच्या शेवटी केलेल्या स्वाक्षरीला सही म्हणतो. लिहिले आहे ते खरे आहे, मला मान्य आहे, अशी ती ग्वाही. म्हणजे हक्क सोडतानाही बाईला 'हे बरोबर आहे' असेच लिहून द्यावे लागते! आणि जिला लिहिता येत नाही, तिच्या नावापुढे जुन्या कागदांतून 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिलेले आढळते. इंग्रजीतल्या एकाच 'राइट'मध्ये मावणाऱ्या तिन्ही गोष्टी त्या एका कागदावर जमतात: हक्क जातो, बरोबर म्हटले जाते, आणि खूण मात्र डाव्या हाताची उमटते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलासारखाच जन्माने वाटा दिला. परंतु त्या दुरुस्तीपूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्यांना वगळले. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही. ती दुरुस्ती अमलात आली ९ सप्टेंबर रोजी. नंदुरबारकरांना ही तारीख निराळी सांगायला नको. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. त्यासाठी २००५ साली तिचा बाप हयात असण्याची गरज नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून आमच्या जिल्ह्यातील बहुसंख्य लेकींना तो उपयोगी पडत नाही. त्यांचा प्रश्न आणखी कठीण आहे. परंतु ज्यांना तो लागू आहे त्यांच्या घरांत तरी काय घडते?

येथे भावाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. ती ऐकण्यासारखी आहे. तो म्हणतो, 'चार एकर कोरडवाहू. पाच जणांत वाटली तर एकाचेही पोट भरणार नाही. आईबापाचे दुखणेखुपणे मी काढले. तिच्या लग्नाचे कर्ज मी फेडले. उन्हातान्हात राबलो मी. आता कागदावर नाव आहे म्हणून ती वाटेकरी?' यात खोटे काही नाही. कष्टालाही हक्क असतो, सेवेलाही असतो. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा. पण मग तो खरोखरच मांडावा! तिने लहानपणी गुरे राखली, धाकट्याला कडेवर घेऊन वाढवले, आणि त्याची शाळा चालू राहावी म्हणून तिची सुटली, हेही त्या वहीत लिहावे लागेल. त्यातून भावाचे पारडे जड निघाले तर बहीण ते नाकारील असे मला वाटत नाही. गावोगावच्या बहिणी पाहिल्या आहेत. त्यांना जमिनीची हाव नसते. बहुतेक जणी स्वतःच म्हणतात, 'मला काही नको. माहेर तेवढे राहू द्या.'

या वाक्यापाशी मात्र थांबले पाहिजे. 'मला काही नको' हे प्रेम असू शकते. पण 'माहेर राहू द्या' यात भीती आहे. वाटा मागितला तर माहेर तुटेल, हे तिने गृहीत धरले आहे. मग तिने सोडले ते जमीन आणि माहेर यांतले एक राखण्यासाठी. भावाला मात्र असली निवड करावी लागत नाही. त्याला जमीनही मिळते आणि बहीणही. गाडीतल्या त्या उतारूची येथे आठवण व्हावी. त्याच्याभोवती चार जण डोळे वटारून उभे होते. हिच्याभोवती चार जण डोळ्यांत पाणी आणून उभे असतात. परिणाम एकच.

म्हणून मला एक साधी कसोटी सुचते. हक्कसोडीच्या कागदावर सही घेण्यापूर्वी भावाने आपल्या मनाला विचारावे: ही 'नाही' म्हणाली तरी पुढच्या भाऊबीजेला मी हिला आणायला जाणार आहे काय? उत्तर मनापासून 'हो' असेल, आणि ते बहिणीलाही ठाऊक असेल, तर मग तिने सोडलेला हक्क हे खरे दान. ते आनंदाने घ्यावे आणि जन्मभर स्मरावे. उत्तर 'नाही' असेल, तर तो कागद कायद्याला कितीही पसंत पडो, भावाने त्याला बरोबर म्हणू नये. वाटेही अनेक तऱ्हांनी होतात. सातबाऱ्यावर नाव राहू द्यावे आणि जमीन भावाने कसावी. पीक आल्यावर बहिणीच्या घरी धान्य पोचवावे. ऐपत झाली की तिच्या वाट्याचे मोल द्यावे. जमिनीचे तुकडे न करताही हक्क मानता येतो. तिचा वाटा आहे, एवढे घरातल्या चार माणसांदेखत मोठ्याने म्हणायलाही पैसा लागत नाही.

मला वाटते, हक्क आणि बरोबर यांच्यातील भांडण पुष्कळदा यामुळे होते की हक्क हा आपण नेहमी मागणाऱ्याच्या बाजूने पाहतो. हक्क मागितला की माणूस लोभी दिसतो. बाईने मागितला तर दुप्पट लोभी दिसते. पण हक्काची दुसरी बाजू देणाऱ्याची आहे. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याने 'ही तुझीही आहे' असे आपणहून म्हटले तर समोरच्याला मागावे लागत नाही, आणि मग ती सोडायची की ठेवायची हे त्याला मोकळ्या मनाने ठरवता येते. वनहक्काचा जबाब देणारा म्हातारा हेच करतो. स्वतःसाठी काही न मागता तो दुसऱ्याच्या बाजूने खरे बोलतो. हक्क टिकतात ते अशा साक्षीदारांच्या जोरावर. नुसत्या हक्कदारांच्या ओरडण्याने ते टिकत नाहीत. घरातही बहिणीच्या बाजूने असे बोलणारा एक जण लागतो, आणि तो भाऊच असला तर सोन्याहून पिवळे.

इंग्रजीतला शब्द मोठा आहे. एका श्वासात तो हात, न्याय आणि हक्क सांगतो. आपल्या मराठीने त्यांना वेगवेगळे ठेवले, म्हणून आपल्याला दरवेळी पडताळून पाहावे लागते. ते थोडे त्रासाचे आहे, पण हिताचे आहे. 'माझा हक्क आहे' एवढे म्हणून मराठी माणसाला सुटता येत नाही; 'बरोबर आहे का?' हा प्रश्न मागे उरतोच. आणि 'बरोबर'चा अर्थ आपल्याच भाषेने सांगून ठेवला आहे: अचूक, समान, आणि सोबत. यंदाच्या ओवाळणीत नोटेबरोबर असे काही घालता आले तर पाहावे.